दीड पाऊल पुढे

टेप पांढरी होती, दोन बोटं रुंद, वीतभर लांब, आणि लेनच्या दोन्ही रेघांच्या बरोबर मधोमध चिकटवलेली होती. तिच्या मागे तेवढ्याच आकाराचा एक डाग होता. तिथली तांबडी जमीन आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित गडद होती, धूळ न बसलेली, आणि कडांना डिंकाचा राखाडी मळ राहिला होता. म्हणजे कालपर्यंत टेप तिथे होती. सकाळची दुसरी फेरी सावकाश मारताना ताई तिथे थबकली. तिनं बुटाची टाच डागाच्या कडेला लावली, पुढे दुसरं पाऊल टेकवलं. दीड पाऊल. पुन्हा मोजायची गरज नव्हती, तरी तिनं मोजलं. दीडच.

चौघींच्या रिलेत कधी न धावलेल्या माणसाला या दीड पावलाचं काही वाटलं नसतं. खूण म्हणजे तशी साधी गोष्ट. शेवटची धावणारी आपल्या जागेवर उभी राहते, मान मागे वळवून लेनमधल्या आपल्या टेपकडे बघत. तिसरी वळणावरून जिवाच्या आकांतानं येते, आणि तिचा पाय टेपवरून गेला रे गेला की शेवटची समोर तोंड करून सुटते. मग मागे बघायचं नाही. मागची ‘घे’ म्हणून ओरडते, पुढची न बघता हात मागे करते, आणि तळहातावर बॅटन येते. येतेच, असं धरून चालायचं. टेप कुठे लावायची हे पुढचीनं ठरवायचं, स्वतःच्या पावलांनी मोजून, मागचीच्या वेगाच्या हिशेबानं. मागची तेज असेल तर टेप लांब, म्हणजे लवकर सुटता येतं. मागची मंद असेल तर टेप जवळ घ्यायची आणि क्षणभर उशिरा सुटायचं, नाहीतर ती बिचारी पोचतच नाही. ताईकडून बॅटन घेऊन शेवटची धावणाऱ्या भिंगरीनं काल संध्याकाळी सगळे गेल्यावर, किंवा आज सगळ्यांच्या आधी येऊन, टेप दीड पाऊल जवळ घेतली होती. कुणाला काही न सांगता. जे ताईच्या मांडीमागच्या शिरेला कधीपासून ठाऊक होतं, आणि जे ताईनं स्वतःला एका सरळ वाक्यात अजून सांगितलं नव्हतं, ते या पोरीनं जमिनीवर चिकटवून ठेवलं होतं.

“काय ताई, जमिनीत काही हरवलं का?” सर गळ्यात घड्याळ अडकवून येत होते. सर स्वतः कधीकाळी उंच उडी मारायचे. आता गुडघे गेल्यामुळे पायरीसुद्धा जपून चढायचे, आणि त्याचा सगळा राग त्यांच्या आवाजात उतरला होता. “चला, पूर्ण रिले. एकदा मनापासून, एकदा माझ्यासाठी.”

“आणि एकदा नाश्त्यासाठी,” बडबडी म्हणाली. ती दुसरी धावायची आणि धावतानाच तेवढी गप्प असायची. पहिली धावणारी लंबू न हसता आपल्या जागेकडे निघाली. भिंगरी लांब, वळण संपतं तिथे, आधीच उभी होती, पाठमोरी, दोन्ही हात कमरेवर. तिची मान बारीक होती आणि केस इतके घट्ट बांधलेले की डोक्याचा आकार स्पष्ट दिसायचा. ताईला ती मान इतकी पाठ झाली होती, की रस्त्यात गर्दीतही तिनं ती ओळखली असती. दोन वर्षं ती त्या मानेच्या दिशेनं धावत होती. चेहऱ्यापेक्षा जास्त तिनं तिची पाठच पाहिली होती.

बडबडीनं बॅटन हातात दिली आणि ताई वळणात शिरली. वळणावर शरीर आत झुकतं, डावा खांदा खाली जातो, उजवा पाय डाव्यापेक्षा अंमळ जास्त जमीन कापतो, आणि सगळं जग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. इथे आपल्याला ओढ बसते, ती झेलत रेघ न सोडता धावायचं, यात ताईइतकं शहाणं अंग दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पण वळण संपत आलं की पूर्वी जिथे पायाखालून एक वेगळीच उसळी यायची, तिथे गेले काही महिने काहीच यायचं नाही. जिन्यात एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. आजही आलं नाही. टेप पायाखालून गेली. भिंगरी सुटली, आणि ताई “घे” म्हणाली. हात मागे आला, तळहात उघडा, बोटं पसरलेली, आणि बॅटन त्यात अशी गेली की दोघींपैकी कुणालाच तिचं वजन जाणवलं नाही. कित्येक आठवड्यांत इतकी सफाईची देवाणघेवाण झाली नव्हती. भिंगरी समोरच्या सरळ धावपट्टीवर सुसाट निघून गेली. ताई कमरेतून वाकून उभी राहिली, नाकाच्या शेंड्यावरून घाम गळत होता, आणि पलीकडून सरांचा आवाज येत होता.

“लोणी! नुसतं लोणी! भिंगरे, याला म्हणतात बॅटन देणं. शीक जरा ताईकडून. स्वतःचं दोनशे मीटर सोडलंय तिनं तुमच्या या रिलेसाठी. आहे का कुणाची छाती?”

सर हे नेहमी म्हणायचे. नव्या पोरी आल्या की त्यांना सांगायचे, कुणी वार्ताहर आला की त्याला सांगायचे. एकदा पाहुण्यांसमोर बोलताना त्यांचा गळासुद्धा दाटून आला होता. ताईची शीर दोन्ही शर्यती सोसणार नाही, एकच काहीतरी निवड, असं त्यांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि ताई म्हणाली होती, या वेळेला रिले, पुढचं बघू. दर हंगामात नावं पाठवायच्या दिवशी सर विचारायचे, दोनशेला काय करायचं, आणि दर हंगामात ती म्हणायची, बघू. ‘बघू’ या शब्दाचं पुढे लोकांनीच त्यागात रूपांतर करून टाकलं. तिला काही करावं लागलं नाही. तिनं फक्त नाकारलं नाही. पहिल्यांदा कुणी त्याग म्हणालं तेव्हा अंगावर कुणी चुकून दुसऱ्याचा भारी कोट घालावा तसं वाटलं. मग कोट अंगाला बसत गेला, खिशात हात घालायची सवय झाली. खरं काय होतं? खरं असं होतं, की दोन वर्षांपूर्वीच्या निवड चाचणीत दोनशे मीटरला ती आणि भिंगरी पहिल्यांदाच समोरासमोर येणार होत्या. भिंगरी तेव्हा येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सरावाला भिंगरी तिच्या मागेमागे असायची, अदबीनं असायची, आणि त्या अदबीतच काहीतरी राखून ठेवल्यासारखं असायचं. चाचणीच्या दिवशी, अंग गरम करताना, ताईनं मांडीच्या मागच्या बाजूला हात नेला आणि ती थांबली. दुखत होतं की नाही हे तिला आजही नक्की सांगता आलं नसतं. काहीतरी होतं. एखादा आवाज ऐकू आला की नुसता वाटला, हे ठरवता येऊ नये, इतपत होतं. ती लंगडत बाहेर आली. सरांनी खांद्यावर हात ठेवला. भिंगरी तिच्याशिवाय धावली, पहिली आली, आणि दोघींमध्ये कोण तेज हा प्रश्न त्या दिवशी सुटायचा तो तसाच राहून गेला.

नवऱ्यानं एकदा तो विचारला होता. तो चष्म्याची भिंगं घासायचा, दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसभर त्याच्या बोटांखाली काच फिरायची, आणि बोलायचा तोही तसाच, काही लपवायचं असतं हे गावीच नसल्यासारखं. टीव्हीवर स्पर्धा लागली होती, तो शेंगदाणे खात होता. म्हणाला, “तुमचं दोघींचं एकत्र पळणं कधी बघितलंच नाही की आम्ही. दोघींत जोरात कोण ग?” ती म्हणाली, “टीममध्ये असं नसतं.” तो म्हणाला, “बरं,” आणि पुन्हा शेंगदाणे खाऊ लागला. त्याचं समाधान झालं होतं. तिला मात्र त्यानंतर टीव्ही दिसेना. पडद्यावर तरी काय होतं? पहिली सुटताना दाखवतात, शेवटची रेषा ओलांडताना दाखवतात. तिसरी वळणावर, लांबून, पाठीमागून, कुठल्या देशाची आहे तेही कळू नये इतकी लहान. होस्टेलच्या पॅसेजमध्ये मोठा फोटो लावला आहे, भिंगरी छाती पुढे काढून रेषा ओलांडते आहे, तोंड उघडं, डोळे मिटलेले. डाव्या कडेला एक पुसट आकृती गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली दिसते. ती ताई. साफसफाई करणाऱ्या बाईंनी एकदा विचारलं होतं, “हे मागे कोण उलटी करतंय?”

आणि भिंगरीला टेप लावायला शिकवली होती ती तिनंच. पोर आली तेव्हा तिच्या बुटांचे खिळे एका पायात नवे आणि दुसऱ्यात झिजलेले होते, आणि ती चालताना एका बाजूला किंचित घसरायची. ताईनं आपले जुने बूट दिले, पुढे कापूस भरून. टाचेला चवडा लावत पावलं कशी मोजायची ते दाखवलं. “ताई, माझं पाऊल लहान आहे. मला किती मोजावी लागतात बघ.” “मग मोज. तुझी खूण तुझ्याच पावलानं. आणि एक लक्षात ठेव, दुसरीच्या टेपला हात लावायचा नाही. कधी म्हणजे कधी नाही. तो तिचा श्वास असतो.” हे शेवटचं तिला तिच्या काळातल्या थोरलीनं सांगितलं होतं. कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही, पंच विचारत नाहीत, तरी चार जणी एकमेकींवर रागावल्या, बोलेनाशा झाल्या, तरी टेपला हात लावत नाहीत. भिंगरीनं तिच्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं होतं, की ताईला त्या दिवशी स्वतःचाच हेवा वाटला. असं कुणी बघत असताना तिथेच थांबता आलं असतं तर. पण पोर वाढत गेली. आणि ताईच्या लक्षात येत गेलं, की आपण तिला जे जे देतो ते ती आपल्यापेक्षा चांगलं वापरते. हे समजणं एका दिवसाचं नव्हतं. दात हलायला लागतो तसं होतं. जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते.

“आता एकदा माझ्यासाठी,” सर ओरडले. “जागेवर जा.”

भिंगरी अजून लांब होती, धाप टाकत परत येत होती. ताई वळणाकडे चालू लागली. टेप वाटेतच होती. आपण वाकणार आहोत हे तिला वाकेपर्यंत माहीत नव्हतं, निदान तसं तिला वाटलं. तिनं गुडघा टेकला, बुटाच्या नाडीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. नखानं टेपचं टोक उचललं. टेप सहज निघाली, जमीन अजून गारच होती. ती मागच्या गडद डागावर तिनं बरोबर बसवली, कडेला कड लावून, आणि अंगठ्यानं दाबली. काम इतकं नीट झालं की क्षणभर समाधान वाटलं. मनात एवढंच होतं, की मी पोचून दाखवते. माझी जागा इथे आहे. काल इथे होती, आज इथे आहे, आणि मी इथून पोचते.

ती पोचली नाही. वळणात शिरताना तिनं असेल नसेल ते सगळं ओतलं. मांडीमागे काहीतरी ताणलं गेलं, ते तिनं ताणू दिलं. टेप ओलांडली, भिंगरी सुटली, आणि ती पाठ लांब जायला लागली. “घे,” ताई ओरडली, हात मागे आला, उघडा, पसरलेला, आणि त्या हातात आणि बॅटनमध्ये वीतभर हवा होती. “घे! अगं घे!” हात तसाच हवेत चाचपडत राहिला. शेवटी भिंगरीनं मागे वळून पाहिलं, जे करायचं नसतं तेच केलं, पाय अडखळले, आणि बॅटन खाली पडून टणटण करत आतल्या गवतात गेली.

“झोपेत सुटतेस का ग?” सर तिथूनच गरजले. “लग्नाची घाई आहे का कुठे? ताई अजून टेपपाशी आली नाही तोवर तू निघालीस! आत्ताच सगळं जमलं होतं, डोक्यात लगेच हवा गेली ना? एवढंच असेल तर एकटी पळ. रिलेत लागते ती अक्कल कुठून आणू तुझ्यासाठी?”

भिंगरी चालत मागे आली, टेपपाशी थांबली. तिची नजर खाली गेली, मग दीड पाऊल पुढच्या, आता टेप नसलेल्या जागेवर गेली. तिनं ताईकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बसली, टेप उचलली, दीड पाऊल पुढे लावली, आणि सरांना म्हणाली, “माझी चूक, सर.” आवाजात काही नव्हतं, ना राग, ना उपकार.

कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी कपाटांच्या दोन रांगा होत्या आणि मध्ये लाकडी बाक. बडबडी आणि लंबू जेवायला गेल्या. नळ नीट बंद होत नव्हता. भिंगरी बाकावर बसून मोजे उलटे करून काढत होती.

“टेप तू हलवलीस,” ती म्हणाली.

“आधी कुणी हलवली?”

“माझी आहे ती. मी हलवू शकते.”

“मला सांगायचं तरी.”

“काय सांगू? ताई, तू हळू झालीस, असं? कसं सांगायचं असतं तू शिकवच. बाकी सगळं शिकवलंस, एवढंच राहिलं.”

ताईनं कपाटाचं दार उघडलं, उगाच. आत टॉवेल होता. दयेला द्यायचं उत्तर तिच्याकडे सकाळपासून तयार होतं. दया करायची तर दुसरीकडे कर, मी कुणाच्या आधारानं इथे आले नाही, वगैरे. “माझी कीव करायचं कारण नव्हतं,” ती म्हणाली. “सरांना सांगायचंस सरळ.”

“कीव?” भिंगरीनं पहिल्यांदा वर पाहिलं. तिला खरंच नवल वाटलं होतं. “सरांना सांगितलं असतं तर त्यांनी तुझ्या जागी राखीव पोरगी घातली असती. ती वळणावर लेन सोडून बाहेर जाते, दोनदा बाद झालोय आपण तिच्यापायी. तू कितीही हळू झालीस तरी तिच्यापेक्षा बरी आहेस. मी हिशेब केला. टेप जवळ घेतली की भागतं. मला मेडल पाहिजे, ताई. कीव कसली करू?”

नळ ठिबकत होता. दया असती तर ती झिडकारता आली असती. हे झिडकारण्यासारखं काही नव्हतंच. एखादं जुनं यंत्र अजून चालतंय तोवर चालवून घ्यावं, तसं होतं. आणि ते खरं होतं, हिशेब बरोबर होता. ताईनं स्वतः केला असता तर तिचंही हेच उत्तर आलं असतं.

“मग सर तुला बोलत होते तेव्हा गप्प का बसलीस?”

“बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं.” भिंगरीनं मोजे पिशवीत कोंबले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, “तू दोनशे सोडलंस ना, तेव्हा मला वाटलं होतं माझ्यासाठी सोडलंस. मला जागा करून दिलीस. मी घरी आईला फोन करून रडले होते.”

“आणि आता?”

“चाचणीच्याच दिवशी संध्याकाळी कळलं. मी पहिली आले हे सांगायला तुला शोधत गेटपर्यंत आले होते. तू लंगडत रस्त्यापर्यंत गेलीस. मग बस सुटली, आणि तू बसच्या मागे धावलीस.” ती हसली नाही. “चांगली धावलीस. बस पकडलीस.”

ताईला बस आठवत नव्हती. खरंच आठवत नव्हती. तिनं आठवायचा प्रयत्न केला, दांडा, पायरी, कंडक्टरचा हात, काहीच सापडलं नाही. आणि तरी ते घडलं असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. दोन वर्षं ही मुलगी हे पोटात घेऊन तिच्यापुढे उभी राहत होती, हात मागे करत होती, सरांच्या तोंडून त्यागाच्या गोष्टी ऐकत मान डोलवत होती. बारीक मानेची ती पाठ सगळं माहीत असलेली पाठ होती. “कुणाला सांगितलंस?” असं विचारायचं होतं, पण विचारून काय होणार. सांगितलं नव्हतंच. हळू धावणाऱ्या ताईची जशी सोय लागत होती, तशी त्यागी ताईचीही लागत असेल. भिंगरीनं पिशवी खांद्याला लावली, “जेवायला येतेस ना?” म्हणाली, इतक्या सहज, की ताईनंही सहज म्हटलं, “हो पुढे, आलेच.”

ती जेवायला गेली नाही. सामानाच्या खोलीत सर मोजपट्टी गुंडाळत उभे होते. खोलीत रबराचा आणि मलमाचा वास होता, कोपऱ्यात अडथळे एकावर एक रचलेले होते. सरांच्या खांद्यात आणि कानात फोन अडकवलेला होता. स्पर्धेच्या ऑफिसात नावं द्यायचा आजचा दिवस होता, आणि पलीकडचा माणूस हळूहळू लिहून घेणाऱ्यांपैकी असावा. “हो, रिले. चौघी आणि एक राखीव. लिहिलंत? आता दोनशे मीटर.” त्यांनी ताईला पाहिलं, भुवया उंचावल्या. तो विचारण्यातला निव्वळ उपचार होता, उत्तराची वाट न पाहता ते फोनमध्ये म्हणाले, “दोनशेला एकच नाव.”

या क्षणी काही न करणं अतिशय सोपं होतं. उंबऱ्यात उभं राहायचं, आणि उरलेलं आपोआप होणार होतं, जसं दोन वर्षं होत होतं. मेडल मिळण्याची शक्यता चांगली होती. भिंगरीचा हिशेब चुकणारा नव्हता. फोटोत कडेला वाकलेली एक आकृती असेल, सरांचा गळा पुन्हा दाटून येईल. आणि ताई म्हातारी होईल तोवर लोकांना सांगता येईल, की तिनं सोडलं. फक्त एका माणसाला खरं माहीत असेल. आणि ते माणूस कधीच, कुणालाच सांगणार नाही, कारण त्याला त्याची गरज नाही.

“दोन,” ताई म्हणाली.

सरांनी फोनवर तळहात ठेवला. “काय?”

“दोनशेला दोन नावं. माझं घाला.”

“अगं, शीर सोसेल का दोन्ही? ठरलंय ना आपलं.”

“दोन्ही नाही. रिलेतून काढा.”

“डोकं ठिकाणावर आहे का? वळण कोण धरणार? राखीव पोरगी?”

“तिला नाही जमणार.”

“म्हणजे मेडल गेलं.”

“गेलं.”

मोजपट्टीचं सुटं टोक सरांच्या हातातून सरसर खाली उलगडलं. “आणि दोनशेला जाऊन करणार काय? तिथे भिंगरी आहे. तोंडावर सांगतो म्हणून रागावू नकोस, ती तुला उभीसुद्धा राहू देणार नाही. फायनल गाठलीस तरी पुष्कळ. सगळ्या जगासमोर हरायचंय का तुला?”

तळहाताखालून फोनमधला माणूस हॅलो, हॅलो करत होता.

“हो,” ताई म्हणाली. “सांगा त्यांना. दोनशेला मी धावणार आहे. आणि विचारून बघा, तिच्या शेजारची लेन मिळते का.”